ड्रायव्हरमधलं स्वतःचं नंबर-वाटप काढून कर्नेलचा सामायिक कोड लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात लिनक्सच्या ड्रायव्हरवर (कार्ड, डिस्क अशी उपकरणं कर्नेलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, जोडणारा कोड) काम करणारी मंडळी मोजकीच आहेत, पण आहेत. अंबड-सातपूरला मशीन कंट्रोलर आणि डेटा गोळा करणारी कार्डं बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांत काही, गंगापूर रोडला घरी बसून पुण्या-बंगळुरूचं काम करणारे काही, आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. फंक्शनांची नावं बोलतो तशी लिहिली आहेत. कोडमध्ये शब्दांच्या मधे अंडरस्कोअर असतो, तेवढा धरून चला.

नंबर-वाटप म्हणजे नेमकं काय?

ड्रायव्हर दिवसभर कुणाला ना कुणाला नंबर देत असतो. दुसरी एनव्हीएमई डिस्क लावली की तिला 1 मिळतो, एसडी डिस्कचा ए-बी-सी ठरतो तोही आतल्या एका नंबरावरूनच. वेगवान नेटवर्कच्या इन्फिनिबँड कार्डावर प्रत्येक क्यू पेअरला (पाठवण्या-घेण्याच्या रांगांच्या जोडीला) 24 बिटांचा नंबर लागतो. कामं तीनच: रिकामा नंबर शोधायचा, तो एकाच वेळी दोघांना जाऊ द्यायचा नाही, आणि काम संपलं की परत घ्यायचा. हे इतकं सोपं वाटतं की प्रत्येक कंपनीने आपापलं लिहून ठेवलं. बहुतेक ठिकाणी एक बिटमॅप (नंबर घेतलाय की रिकामा हे एकेका बिटात ठेवणारा तक्ता), एक स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आणि ‘शेवटचा दिलेला नंबर’ लक्षात ठेवणारं एक व्हेरिएबल असतं.

आमचा बिटमॅप इतकी वर्षं चाललाय की. हात कशाला लावायचा?

ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्ये जाणार नसेल, हार्डवेअर दोन वर्षांत बंद होणार असेल आणि तक्रार एकही नसेल, तर खरंच लावू नका. फॅशन म्हणून केलेल्या साफसफाईने चालती गाडी बंद पडलेली बरीच पाहिली आहे.

पण ड्रायव्हर पुढे जगणार असेल तर कारणं आहेत. पहिलं कारण चुकांचं. ‘पहिला शून्य बिट शोध’ आणि ‘तो बिट एक कर’ या दोन ओळींच्या मधे दुसरा सीपीयू घुसू शकतो. लॉक विसरला तर एकच नंबर दोघांना जातो, आणि हे टेबलावर कधी दिसत नाही, गिऱ्हाइकाकडे दिसतं. दुसरं मेमरीचं. 24 बिटांच्या नंबरांसाठी पूर्ण बिटमॅप धरला तर 2 एमबी सुरुवातीलाच अडकतात, मग वापरात पाच नंबर असोत की पाच लाख. सामायिक कोड लागेल तेवढीच मेमरी घेतो: 1024 नंबरांमागे 128 बाइटचा एक तुकडा, आणि मोजकेच लहान नंबर असतील तर तेवढाही लागत नाही, बिट थेट पॉइंटरच्या (मेमरीतल्या पत्त्याच्या) जागेत मावतात.

तिसरं कारण वाचणाऱ्याचं. हायसिलिकॉन कंपनीच्या आरडीएमए (नेटवर्कवरून थेट दुसऱ्या मशीनच्या मेमरीत वाचणं-लिहिणं) ड्रायव्हरमधला बिटमॅप आणि मेलानॉक्स कंपनीच्या एमएलएक्स4 ड्रायव्हरमधला बिटमॅप यांची रचना जवळपास सारखीच होती. तोच कोड दोनदा तपासायचा, त्यातलीच चूक दोनदा दुरुस्त करायची. 2021 मध्ये हायसिलिकॉनच्या ड्रायव्हरने एकेक करून हे सगळे नंबर आयडीएवर, म्हणजे नंबर देणाऱ्या कर्नेलच्या सामायिक कोडवर, नेले. शिकायचं असेल तर ती पॅचमालिका (कोडमधल्या बदलांचे एकामागून एक दिलेले तुकडे) मन लावून वाचा, खाली तिचाच आधार बऱ्याचदा घेतला आहे.

आयडीए, आयडीआर, एक्सअ‍ॅरे… कोणतं घ्यायचं?

फक्त नंबर हवा असेल तर आयडीए. नंबरावरून वस्तू, म्हणजे पॉइंटर शोधायचा असेल तर एक्सअ‍ॅरे. आयडीआरही तेच काम करतं, पण कर्नेलच्या कागदपत्रांतच ते जुनं ठरवून एक्सअ‍ॅरे वापरा असं सांगितलंय. नव्या कामात घेऊ नका.

इतिहास थोडक्यात. आयडीआर 2002 च्या सुमाराला जिम ह्यूस्टन यांनी लिहिलं. 2007 मध्ये तेजुन हो यांनी त्यावर आयडीए उभं केलं, आणि 2013 मध्ये आयडीआरची बाहेरची फंक्शनं बदलून सुटसुटीत केली. पुढे मॅथ्यू विलकॉक्स यांनी आतला सगळा पाया बदलला: कर्नेलच्या 4.19 आवृत्तीत आयडीए अलॉक ही आजची फंक्शनं आली, 4.20 मध्ये एक्सअ‍ॅरे. जुनी पुस्तकं किंवा उत्तरं वाचताना ‘आयडीआर प्री गेट’ दिसलं की पान उलटा, ते कधीच गेलं.

जुनं फंक्शन काढून नवं टाकायचं, एवढंच ना?

एवढंच असतं तर हे पान लिहावं लागलं नसतं. तीन जागा हमखास अडखळायच्या आहेत.

*परत येणारी किंमत.* कंपन्यांची जुनी फंक्शनं बहुतेक पॉइंटरमधून नंबर देतात आणि यश आलं की शून्य परत करतात. आयडीए अलॉक नंबरच परत करतं, अपयश आलं तरच ऋण आकडा. आता खालची ओळ तशीच राहिली, म्हणजे ‘रेट (परत आलेली किंमत) शून्य नसेल तर चूक’ असं तपासलं, तर काय होतं? पहिल्या वस्तूला 0 मिळतो, सगळं छान. दुसरीला 1 मिळतो आणि ड्रायव्हर म्हणतो, चूक झाली. एकच उपकरण लावून चाचणी करणाऱ्याला हे दिसत नाही. नवीन मुलांच्या पॅचमध्ये मी सगळ्यात आधी हीच ओळ शोधतो.

*प्रकार.* नंबर ठेवायची जागा जुन्या कोडमध्ये बहुधा अनसाइन्ड लाँग (ऋण आकडा न ठेवणारा प्रकार) असते. आयडीएची किंमत थेट तिच्यात घातली की ऋण आकडा प्रचंड मोठा धन आकडा होतो आणि ‘शून्यापेक्षा कमी’ ही तपासणी कधीच खरी ठरत नाही. मधे एक साधं इंट व्हेरिएबल ठेवा, तपासा, मग पुढे द्या.

*वरची मर्यादा.* इथे भलेभले घसरतात. जुन्या आयडीए सिंपल गेटमध्ये शेवटचा आकडा धरला जात नसे: 0 ते 64 लिहिलं की 63 पर्यंत मिळायचं, आणि शेवट 0 लिहिला तर अर्थ ‘मर्यादा नाही’. आताच्या आयडीए अलॉक रेंजमध्ये कमाल आकडा धरला जातो. म्हणून 64 जागांच्या टेबलासाठी कमाल 63 लिहायचं. 64 लिहिलंत तर पासष्टावा नंबर मिळेल आणि हार्डवेअरच्या टेबलाबाहेरच्या जागेत लिहिलं जाईल. उलट दिशेचीही गंमत आहे: कमाल 0 म्हणजे आता ‘मर्यादा नाही’ नव्हे, फक्त 0 हा एकच नंबर. आयडीआर अलॉकमध्ये मात्र अजूनही शेवट धरला जात नाही, आणि त्याच्याच भावंडात, आयडीआर अलॉक यू32 मध्ये, धरला जातो. पाठ करू नका, प्रत्येक वेळी फंक्शनवरची टिप्पणी वाचा.

सोडलेला नंबर लगेच पुन्हा दिला तर बिघडतं कुठे?

सगळ्या पानातला महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

त्र्यंबकेश्वराच्या बाहेर चप्पल ठेवली की बिल्ला मिळतो. समजा स्टँडवाल्याने तुमचा बिल्ला हरवला असं मानून त्याच नंबराचा दुसरा बिल्ला पुढच्या माणसाला दिला, आणि तुम्ही अर्ध्या तासाने खिशातला जुना बिल्ला घेऊन हजर झालात. चप्पल कुणाची जाणार ते सांगायला नको.

हार्डवेअरचं तेच होतं. ड्रायव्हरने नंबर सोडला म्हणजे उपकरणाच्या डोक्यातून तो गेला असं नाही. रांगेत अडकलेलं उत्तर, उशिरा आलेला इंटरप्ट (उपकरणाने सीपीयूला दिलेली हाक), नेटवर्कवर फिरत असलेलं एखादं पॅकेट जुन्याच नंबराने परत येतं. आयडीए नेहमी सगळ्यात लहान रिकामा नंबर देतं. म्हणजे आत्ता सोडलेला 3 हा पुढच्याच मागणीला मिळण्याची दाट शक्यता. जुना कोड मात्र ‘शेवटच्या नंबराच्या पुढून शोध’ अशा पद्धतीचा असतो. हायसिलिकॉनच्या जुन्या बिटमॅपला तर सोडताना सांगावं लागे की फिरत्या क्रमाने जायचं की नाही. एमएलएक्स4 चा बिटमॅप फेरी पूर्ण झाली की नंबराचे वरचे बिट बदलतो, म्हणजे खालची जागा तीच असली तरी पूर्ण नंबर वेगळा. हे सगळं कुणी हौस म्हणून लिहिलेलं नाही.

अंबडच्या एका कार्डावर हे जवळून पाहिलं. सोळा चॅनेलचं कार्ड, प्रत्येक कमांडला 256 पैकी एक टॅग (ओळखीचा नंबर), उत्तर त्याच टॅगने परत. वेळेत उत्तर आलं नाही की ड्रायव्हर टॅग सोडून पुढे जायचा. आयडीए लावल्यावर पहिले काही तास काहीच झालं नाही. मग कार्ड जरा मंदावलं, एका कमांडची मुदत संपली, तिचा टॅग पुढच्या कमांडला गेला, आणि जुनं उत्तर तेवढ्यात येऊन पोचलं. तापमानाच्या चॅनेलवर दाबाचा आकडा! कर्नेलच्या लॉगमध्ये एक अक्षर नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं नियमानुसार चाललं होतं. जुन्या कोडमध्ये तोच टॅग चक्र पूर्ण झाल्याशिवाय परत येत नव्हता, आणि मूळ दोष, म्हणजे मुदत संपल्यावर कार्डाला कमांड रद्द करायला न सांगणं, त्यामागे झाकला गेला होता.

मग फिरता क्रम हवा असेल तर?

एक्सअ‍ॅरेत त्यासाठी एक्सए अलॉक सायक्लिक आहे. एक खाच लक्षात ठेवा: चक्र पूर्ण होऊन पुन्हा खालून नंबर दिला तर हे फंक्शन 1 परत करतं. ते अपयश नव्हे. ‘शून्य नाही म्हणजे चूक’ असं तपासलं की ड्रायव्हर महिनोन्महिने नीट चालतो आणि चक्र फिरेल त्या दिवशी उपकरण उघडायला नकार देतो. मुख्य कर्नेलमध्येही ही चूक अनेक ठिकाणी शिरली होती आणि नंतर दुरुस्त करावी लागली. तपासणी ‘शून्यापेक्षा कमी’ अशीच हवी.

आयडीएला असा सायक्लिक प्रकार नाही, पण हातानं करता येतो. हायसिलिकॉनच्या ड्रायव्हरमध्ये क्यू पेअरचे नंबर आठ बँकांत विभागले आहेत, प्रत्येक बँकेचं स्वतःचं आयडीए. आधी ‘पुढचा’ ते ‘कमाल’ या टप्प्यात मागतात. मिळाला नाही तर ‘किमान’ ते ‘कमाल’ या टप्प्यात पुन्हा मागतात. मिळालेल्यात एक मिळवून ‘पुढचा’ ठरवतात, कमालच्या वर गेला तर परत किमान. शेवटी नंबर तीन बिट डावीकडे सरकवून खालच्या तीन बिटांत बँकेचा क्रमांक घालतात. दहाबारा ओळींचं काम. आयडीएचं स्वतःचं लॉक आतच असतं, पण तुमचं ‘पुढचा’ हे व्हेरिएबल त्या लॉकखाली नाही, हे विसरू नका. त्याला वेगळं लॉक लागतं. हायसिलिकॉनच्या ड्रायव्हरमध्ये तसं लॉक आहेच.

स्पिनलॉक धरून नंबर मागितला तर चालेल का?

जीएफपी कर्नेल (मेमरी मागताना ‘गरज पडली तर झोपून वाट पाहीन’ असं सांगणारा पर्याय) देऊन नाही. बिटमॅप आधीच राखून ठेवलेला असे, त्यामुळे जुन्या कोडला झोपावं लागत नसे आणि मेमरीअभावी नकारही मिळत नसे. आयडीए गरजेनुसार मेमरी मागतं. लॉक धरलेलं असेल किंवा इंटरप्टमध्ये असाल तर जीएफपी अ‍ॅटॉमिक (‘झोपणार नाही’) द्यावं लागेल, आणि तेव्हा नकार येण्याची शक्यता वाढते. माझं मत: शक्य असेल तर नंबर लॉकच्या बाहेर, आधीच घ्या. बऱ्याचदा ते जुनं लॉक बिटमॅपसाठीच होतं आणि आता अख्खंच काढता येतं. पण काढण्याआधी त्याच लॉकखाली आणखी काय चोरून बसलंय ते पाहा.

‘मेमरी नाही’ आणि ‘नंबर संपले’ या आता दोन वेगळ्या चुका आहेत. जुना कोड दोन्हींना एकच आकडा देत असेल तर वरच्या थरांत त्या आकड्यावर कोण अवलंबून आहे ते शोधा.

वस्तू अर्धवट तयार असताना नंबर जाहीर झाला तर?

एक्सअ‍ॅरेत हा धोका खरा आहे, कारण नंबर मिळताक्षणी दुसरा कुणी त्यावरून पॉइंटर शोधू शकतो. उपाय सोपा: आधी नल (रिकामा पॉइंटर) देऊन नंबर राखा, वस्तू पूर्ण करा, मग एक्सए स्टोअरने खरा पॉइंटर ठेवा. तोवर शोधणाऱ्याला नलच मिळतो. प्रोसेसचा पीआयडी देणारा कोडही याच वळणाचा आहे: आधी नल, सगळं जुळून आलं की बदली. काढताना उलटा क्रम: आधी टेबलातून काढा, वापरणारे संपू द्या, मग मेमरी सोडा.

एकदम सलग आठ नंबर हवेत, तेही आठच्या पटीत.

ते आयडीएचं काम नाही. सलग पट्टा लागत असेल तर बिटमॅपच ठेवा आणि शोधासाठी कर्नेलचं बिटमॅप फाइंड नेक्स्ट झीरो एरिया वापरा. सामायिक कोड म्हणजे आयडीएच असं कुणी सांगितलंय? जिथे पट्टा 32-64 बिटांचा, कायमचा ठरलेला आहे, तिथेही साधा बिटमॅप वाचायला सोपा असतो.

प्रत्येक रीड-राइटला टॅग द्यायचा आहे, सेकंदाला लाखोंनी.

आयडीए नको, सगळे सीपीयू एकाच लॉकवर येऊन थांबतील. एसबिटमॅप (अनेक सीपीयूंनी एकदम वापरायला बनवलेला बिटमॅप) पाहा, ब्लॉक थरातून (कर्नेलचा डिस्कचं काम पाहणारा भाग) वेगळं काढून 4.9 मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलंय. ब्लॉक ड्रायव्हर असेल तर टॅग त्या थरातलं ब्लॉक एमक्यूच देतं, तुम्हाला काहीच लिहायचं नाही.

शेवटी आयडीए डिस्ट्रॉय लागतंच का?

सगळे नंबर परत आले असतील तर नाही, रिकामं आयडीए मेमरी धरून ठेवत नाही. पण कुणी नंबर परत करायचा राहिला असेल तर आयडीए डिस्ट्रॉय ती गळती मुकाट्याने पुसून टाकतं. म्हणून मॉड्यूल काढताना आधी आयडीए रिकामं आहे का ते तपासून इशारा छापा, मग डिस्ट्रॉय करा. तोच नंबर दोनदा सोडला तर मात्र कर्नेल स्वतःच इशारा देतं, नंबरासकट. जुन्या बिटमॅपमध्ये दोनदा सोडणं निमूट खपून जायचं, त्यामुळे बदलानंतर हे इशारे अचानक दिसू लागतात. घाबरू नका. नवा कोड तुमचं जुनं पाप दाखवतोय.

चाचणी कशी करायची?

आयडीएची स्वतःची चाचणी कर्नेलसोबत येतेच, ती पुन्हा करण्यात अर्थ नाही. तपासायचा आहे तो तुमचा वापर. लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं साधन) आणि ‘अ‍ॅटॉमिक स्थितीत झोप’ पकडणारा पर्याय चालू करून कर्नेल बांधा. मर्यादा मुद्दाम चार नंबरांची करा (म्हणजे कमाल 3), पाच वस्तू मागा. पाचवीला नीट नकार मिळाला पाहिजे आणि आधीच्या चार शाबूत राहिल्या पाहिजेत. मग मधली एक सोडा, पुन्हा मागा. मॉड्यूल काढा-घाला. आणि वर सांगितलेला उशिरा आलेल्या उत्तराचा प्रसंग घडवून आणा: मुदत इतकी कमी करा की उत्तर हमखास उशिरा येईल.

उपकरणाचं नाव नंबरावरून ठरत असेल तर यूडेव्हचे (उपकरणांची नावं सांभाळणारा प्रोग्रॅम) नियम आणि गिऱ्हाइकाच्या स्क्रिप्टही पाहा. सातपूरच्या कारखान्यात कुणीतरी पोर्टचं नाव स्क्रिप्टमध्ये कायमचं लिहून ठेवलेलं असतंच असतं.

पॅच एकच मोठा द्यायचा की तुकडे?

तुकडे. प्रत्येक प्रकारच्या नंबराला एक पॅच, आणि जुना बिटमॅप पुसणारा शेवटचा, वेगळा. प्रत्येक टप्प्यावर ड्रायव्हर बांधला गेला पाहिजे आणि चालला पाहिजे. नाहीतर पुढे दोष शोधायला बायसेक्ट करणारा (बदल अर्धे अर्धे करत दोषी पॅच गाठणारा) तुम्हाला शिव्या देईल. वर्णनात ‘कोड कमी झाला’ एवढंच लिहू नका. नंबर पुन्हा देण्याचा क्रम बदलला का, आणि बदलला तरी चालेल हे कशावरून, एवढं दोन ओळींत लिहा. तपासणारा नेमकं तेच विचारणार आहे.

आमच्या बोर्डाच्या विक्रेत्याने कर्नेल 4.14 दिलंय, त्यावर काय?

त्यात आयडीए अलॉक नाही. आयडीए सिंपल गेट आणि रिमूव्ह आहेत, ती वापरा, मर्यादेचा फरक तेवढा सांभाळा. आताच्या कर्नेलमधून ती काढून टाकली आहेत, म्हणून एका छोट्या हेडरमध्ये गुंडाळून ठेवा, म्हणजे पुढे एकाच जागी बदल होईल. 4.14 चा दीर्घकालीन आधार जानेवारी 2024 मध्ये संपला, हे साहेबांच्या कानावर घालायला हा विषय बरं निमित्त आहे.

कॉलेजच्या प्रोजेक्टला हा विषय चालेल का?

छान चालेल. 4.15 मध्ये पीआयडीचा बिटमॅप काढून आयडीआर लावलं गेलं ते 2017 च्या आउटरीची इंटर्नशिपमधलं काम होतं, म्हणजे शिकाऊ माणसाने कर्नेलच्या थेट मध्यभागी केलेला बदल. ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये फाइंड फर्स्ट झीरो बिट शोधा, भरपूर जागा सापडतील. त्यातल्या निम्म्याहून जास्त बदलण्यासारख्या नसतील, आणि का नाहीत हे लिहून काढणं हाही प्रोजेक्टचा चांगला भाग होईल. ज्याचं हार्डवेअर हाताशी आहे असा ड्रायव्हर निवडा. नसेलच, तर पॅचच्या वर्णनात ‘फक्त कंपाइल करून पाहिलं आहे’ असं सरळ लिहा आणि ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला चालवून बघायची विनंती करा.